दिवेलागणीला कोंबड्या काय करतात (माहितीपटाचं निवेदन)

डिसेंबर महिना, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराचं परसदार, सहा वाजायला आलेत. कोणी हाक मारलेली नाही, कण्या पण अजून टाकलेल्या नाहीत, तरी बांधापलीकडे गेलेल्या कोंबड्या एकेक करून परत यायला लागल्यात. उजेड उतरला की ह्यांना कळतंच. आणि ते नुसतं डोळ्यांनी नाही हां, पक्ष्यांच्या मेंदूत पिनियल नावाची ग्रंथी असते, तिला कवटीतून झिरपणारा उजेडसुद्धा समजतो, उजेड कमी झाला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि अंग झोपेच्या तयारीला लागतं. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की ह्याच कोंबड्या तास तास आधी येऊन बसतात.

आता ही लाल कोंबडी बघा. समोर कण्या पडल्यात, बाकीच्या तुटून पडल्यात, आणि ही बाई मोरीजवळ जाऊन काल टाकलेल्या तिसऱ्यांची शिंपलं फोडून खातेय. एक तुकडा मोठा निघाला, आपटला, परत उचलला, गिळला. वेड लागलेलं नाही तिला. अंड्याचं कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे, आणि एका कवचाला दीडदोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. मग अंडी घालणारी कोंबडी संध्याकाळी चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या शोधात फिरते. कोंबडा असलं काही करत नाही, तो कण्यांवर खूश.

खरी गंमत मात्र फणसाखाली आहे. खुराडं आहे, दार उघडं आहे, आजी सुनेला सांगतायत, "अगं, तुरेवाली आत गेली का बघ." तुरेवाली कुठली जातेय आत! ती फणसाखाली उभी राहून मान लांब करते, डावीकडून बघते, उजवीकडून बघते, अंतराचा अंदाज घेते, मग आधी लाकडाच्या ढिगावर, तिथून कुंपणावर, तिथून खालच्या फांदीवर. तिच्यामागून एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, निघालीय, तिला कुंपणापर्यंत जमतं, फांदी हुकते, खाली येते, परत ढिगावर.

(इथे आवाज तसाच ठेवायचा, निवेदन नाही.)

हे उंचावर जाणं कोणी शिकवलेलं नाही. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, तो आजही रात्र झाडावर काढतो. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा त्याचा नातेवाईक, आणि हे जे फांदीला धरलेले पिवळे पाय दिसतायत ना, तो पिवळा रंग देणारा जीन ह्या राखी रानकोंबड्याकडूनच आलाय, हे संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. पाय दुमडून बसली की पायातली शीर ताणली जाते आणि बोटं फांदीभोवती आपोआप आवळतात, म्हणून झोपेत पडत नाही.

आता खुराड्यात. वरच्या दांड्यावर जागा आहे चार जणींची आणि उमेदवार सात. उघड्या मानेची आली की बाकीच्या सरकतात, न सरकणारीला डोक्यात टोच. कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं असतं, नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरूप-एब्बे ह्या प्राणिशास्त्रज्ञानं लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवून १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड जगासमोर मांडली, आमच्या आजींना ती पाठच आहे. पिल्लांवाली तेवढी भांडणात नाही, ती खाली कोपऱ्यात पंख पसरून बसलीय, पंखातून एक पाय बाहेर आलाय तो कोणाचा ते काही कळत नाही.

रात्रीचे हे शॉट इन्फ्रारेड कॅमेऱ्याचे आहेत, कोंबडीला तो उजेड दिसत नाही. अंधारात तिला तसंही फार कमी दिसतं, त्यामुळे आता कोणीही उचलली तरी फारशी ओरडत नाही. लस द्यायची असली की गावात मुद्दाम हीच वेळ धरतात. हिचा एक डोळा बंद आहे, एक उघडा. अर्धा मेंदू झोपलाय, अर्धा जागा आहे.

फणसावरची रात्रीत उदमांजराला सापडू शकते, हेही खरं.

आणि लेअर फार्मच्या, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथल्या, पिंजऱ्यात बल्ब लावून सोळा तासांचा दिवस करतात, तारेच्या जाळीवर उभं राहायचं, चढायला काही नाही. युरोपियन युनियनमध्ये असे काहीच सोय नसलेले पिंजरे २०१२ पासून बंद झाले, तिथल्या नियमात दर कोंबडीमागे १५ सेंटिमीटर दांडा लिहिलेला आहे. आपल्याकडे परसात खुराडं बांधणारे पण बऱ्याचदा दांडा विसरतात, पत्रा चांगला टाकतात, जाळी चांगली लावतात आणि कोंबड्या रात्रभर शिटेत बसतात. दोनेक इंच जाडीचं साधं लाकूड चालतं, कडा घासून घ्यायच्या. आणि सगळे दांडे एकाच उंचीवर लावा, नाहीतर वरच्या दांड्यासाठीची ही मारामारी रोज बघावी लागेल.