झटक्याच्या वेळी साखर मोजा

शस्त्रक्रियेच्या टेबलावर पिवळसर दिसणारा अवयव म्हणजे स्वादुपिंड, आणि कधी त्यावर उठून दिसणारी लालसर गाठ म्हणजे इन्शुलिनोमा. रक्तातील साखर उतरू लागली की स्वादुपिंडातील निरोगी बीटा पेशी साखर उतरवणारे इन्शुलिन सोडणे आवरते घेतात. त्याच पेशींपासून झालेली ही गाठ मात्र ते सोडतच राहते. म्हणून पहाटे, उपाशीपोटी किंवा श्रमानंतर रुग्णाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, कधी आकडीही येते.

अमेरिकेतील रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर आणि सहकाऱ्यांनी १९२७ साली अशाच झटक्यांनी ग्रासलेल्या एका शल्यविशारदाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याच्या स्वादुपिंडातील कर्करोग यकृतात पसरला होता. त्या गाठीचा अर्क सशांना टोचताच त्यांची साखर घसरली आणि गाठच इन्शुलिन तयार करते, याचा पुरावा मिळाला. पुढे १९२९ साली टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ यशस्वीपणे काढली.

निदानासाठी रुग्णाला दाखल करून ७२ तासांपर्यंत उपवास करवतात. पाणी चालते, बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. दर काही तासांनी रक्त घेतले जाते. लक्षणे दिसू लागली आणि साखर ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, की त्याच क्षणाच्या रक्तात इन्शुलिन आणि शरीर स्वतः इन्शुलिन बनवताना सोबत तयार होणारे सी-पेप्टाइड तपासतात. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनमुळे सी-पेप्टाइड वाढत नाही. ते वाढलेले असले तर शरीराचे इन्शुलिन वाढवणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या पोटात गेलेल्या नाहीत, याचीही खात्री करावी लागते. नमुने घेतल्याबरोबर शिरेतून ग्लुकोज दिले जाते.

हा आजार विरळा आहे, वर्षाला दहा लाखांमागे एक ते चार रुग्ण. परंतु तो ओळखण्याआधी अनेकांना अपस्माराचे किंवा मनोविकाराचे औषध सुरू झालेले असते, आणि आपल्याकडे तर बाहेरची बाधा म्हणून उतारेही होतात. झटका चालू असतानाच बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजणे लहानशा दवाखान्यातही शक्य आहे, आणि ते व्हायलाच हवे.

बहुतेक गाठी दोन सेंटीमीटरहून लहान असल्याने शल्यविशारद बोटांनी चाचपून आणि स्वादुपिंडावरच सोनोग्राफीचा प्रोब टेकवून त्या शोधतात. मुख्य नलिका जवळ नसेल तर तेवढीच गाठ सोलून काढतात. दहातील सुमारे नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात आणि काढल्यावर आजार बरा होतो. उरलेल्यांना इन्शुलिन सोडणे रोखणारी डायझॉक्साइडसारखी औषधे आणि दीर्घ उपचार लागतात.