दोन काळे गोळे : 'प्रिन्स ऑफ वेल्स'ची शेवटची दुपार

(दृश्य : शांत, निळाशार समुद्र. क्षितिजावर काहीच नाही.)

10 डिसेंबर 1941. दक्षिण चिनी समुद्र. मलायातलं क्वांतान बंदर इथून पश्चिमेला आहे. दुपारचे बारा वाजून गेलेत. एका अवाढव्य ब्रिटिश युद्धनौकेच्या डोलकाठीवर दोन काळे गोळे चढवले जातात. दर्यावर्दी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. जहाज आमच्या ताब्यात राहिलेलं नाही, आमच्यापासून लांब राहा.

ही 'एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स'. तिला नौदलात येऊन अजून वर्षही झालेलं नव्हतं.

(दृश्य : गोदीतली जुनी छायाचित्रं.)

इंग्लंडमध्ये मर्सी नदीच्या काठी बर्कनहेड आहे. तिथल्या कॅमेल लेअर्डच्या गोदीत 1 जानेवारी 1937 ला तिची बांधणी सुरू झाली आणि मे 1939 मध्ये ती पाण्यात उतरली. लांबी 227 मीटर, चौदा इंची दहा तोफा, कमरेभोवती जवळजवळ 15 इंच जाड पोलादी चिलखत. ऑगस्ट 1940 मध्ये, तोफा-यंत्रांचं काम चालू असतानाच, जर्मन विमानांनी टाकलेला एक बॉम्ब तिच्या अगदी जवळ फुटला. आत पाणी शिरलं आणि लढाई बघण्याआधीच ती गोदीत कलंडायला लागली. दुरुस्ती उरकून जानेवारी 1941 मध्ये तिला नौदलात घेतलं गेलं.

मे महिन्यात जर्मन युद्धनौका 'बिस्मार्क' अटलांटिककडे निघाली, तेव्हा तिला अडवायला ब्रिटिश युद्धनौका 'हूड'च्या सोबतीला हीच पाठवली गेली. तोफांची यंत्रणा अजून नीट चालत नव्हती. ती सांभाळायला गोदीचे साधे कामगार जहाजावरच होते आणि त्यांच्यासकट ती लढाईत उतरली. 24 मेच्या पहाटे, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत, काही मिनिटांत 'हूड'चा स्फोट झाला. 1,418 माणसांपैकी वाचले फक्त तीन. पुढचा गोळा 'प्रिन्स ऑफ वेल्स'च्या ब्रिजवर, म्हणजे जिथून कप्तान जहाज हाकतो तिथे, बसला. तिथली बहुतेक माणसं जागीच गेली. कप्तान जॉन लीच बचावले. तोफा एकामागून एक अडकत होत्या, तरी तिचे तीन गोळे 'बिस्मार्क'ला लागलेच. त्यातल्या एकानं जर्मन जहाजाचं इंधन नासलं, त्याला मोहीम सोडून फ्रान्सकडे वळावं लागलं आणि तीन दिवसांनी ते बुडालं. लीच यांनी धूर सोडून माघार घेतली म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली. मला तो निर्णय शहाणपणाचाच वाटतो.

ऑगस्टमध्ये याच जहाजातून चर्चिल न्यूफाउंडलंडला रूझवेल्ट यांना भेटायला गेले. अटलांटिक सनद तिथेच ठरली. रविवारी सकाळी तिच्या डेकवर ब्रिटिश आणि अमेरिकन खलाशांनी एकत्र प्रार्थना म्हटली.

(दृश्य : त्या प्रार्थनेचं मूळ चित्रण. आवाज नाही. काही क्षण निवेदनही नाही.)

या चेहऱ्यांकडे नीट पाहा. यातले कितीतरी ब्रिटिश खलाशी पुढचा नाताळ बघणार नव्हते.

ऑक्टोबरच्या अखेरीस जपानला धाक बसावा म्हणून तिला पूर्वेकडे धाडलं. केप टाऊन, कोलंबो आणि 2 डिसेंबरला सिंगापूर. सोबत 'रिपल्स' ही जुनी युद्धनौका होती. ठरलेली तिसरी नौका, विमानवाहू 'इंडॉमिटेबल', जमैकाजवळ उथळ पाण्यात रुतल्यामुळे येऊच शकली नाही. म्हणजे या ताफ्याच्या डोक्यावर स्वतःचं एकही विमान नव्हतं.

कप्तान लीच यांचा मुलगा हेन्री नौदलातच होता आणि त्या दिवसांत सिंगापुरातच होता. बापलेकांची भेट झाली. ती शेवटची.

8 डिसेंबरला जपानी फौजा मलायात उतरल्या. कोटा भारूच्या किनाऱ्यावर त्यांच्याशी पहिल्यांदा भिडले ते हिंदी सैन्यातले डोग्रा जवान. त्याच संध्याकाळी ॲडमिरल टॉम फिलिप्स दोन मोठ्या नौका आणि चार विनाशिका घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या नजरेत आल्यावर ते परत फिरले. मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की क्वांतानला शत्रू उतरतोय. सकाळी तिथे पोचून पाहतात तर किनारा शांत. बातमी खोटी होती.

अकराच्या सुमारास व्हिएतनाममधल्या सायगावकडून जपानी विमानं आली. हल्ल्यात मिळून 85.

11 वाजून 44 मिनिटांनी एक टॉर्पेडो डाव्या बाजूला, पिछाडीला लागला. इथे थोडं थांबायला हवं, कारण जहाजाचं मरण इथेच आहे. पंधरा इंचाचं चिलखत इथे कामाचंच नव्हतं. जहाजाचा पंखा फिरवणारा लांबलचक दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. डावीकडचा बाहेरचा शाफ्ट वाकला, आणि वाकलेला असतानाच तो गरगर फिरत राहिला. ज्या भिंतींनी पाणी अडवायचं, त्यांच्यातली भोकं त्यानं स्वतःच फाडून मोठी केली. बोगद्यासारख्या त्या वाटेनं पाणी थेट यंत्रघरापर्यंत गेलं. जहाज साडेअकरा अंशांनी कललं. मागच्या अर्ध्या भागातली वीज गेली. वीज गेली म्हणजे पंप गेले, सुकाणू गेलं, विमानविरोधी तोफा फिरवणारी यंत्रं गेली, खाली काम करणाऱ्यांची हवासुद्धा गेली.

तेव्हा ते दोन काळे गोळे वर चढले.

'रिपल्स'नं चपळाईनं कितीतरी टॉर्पेडो चुकवले, पण 12 वाजून 33 मिनिटांनी ती बुडाली. 'प्रिन्स ऑफ वेल्स'ला उजवीकडून आणखी टॉर्पेडो लागले. 'एक्सप्रेस' ही विनाशिका अगदी खेटून उभी राहिली, तेव्हा माणसं दोरांवरून सरपटत पलीकडे गेली. एक वाजून गेल्यावर वीसेक मिनिटांत 'प्रिन्स ऑफ वेल्स' उलटी झाली आणि गेली. बचावाची विमानं पोचली ती तिला बुडताना बघायला. फिलिप्स यांनी ती मागवलीच नव्हती. पहिला संदेश गेला तो 'रिपल्स'च्या कप्तानाकडून, हल्ला सुरू होऊन पाऊण तास झाल्यावर. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून बिनतारी मौन पाळायचं, पण ते कारण सकाळीच संपलं होतं. हे मौन मला आजही समजत नाही.

दोन्ही जहाजांवरचे 840 जण गेले, त्यातले 327 'प्रिन्स ऑफ वेल्स'चे. फिलिप्स आणि लीच दोघंही त्यात होते. वाचलेल्यांना घेऊन विनाशिका सिंगापूरला आल्या, तेव्हा हेन्री त्या तेलानं माखलेल्या माणसांत वडिलांना शोधत होता.

(दृश्य : पाण्याखालचं अंधुक चित्रण.)

सुमारे 68 मीटर खोलीवर ती आज उलटी पडली आहे. 2007 मध्ये खोल पाण्यात उतरलेल्या डायव्हरांनी पिछाडी तपासली, तेव्हा वाकलेल्या शाफ्टची आणि फाटलेल्या पोलादाची खूण त्यांना स्पष्ट दिसली. ही युद्धातल्या मृतांची समाधी आहे, तरी भंगारासाठी चोर तिला ओरबाडत आले आहेत. चोरांच्या हाती लागू नये म्हणून 2002 मध्ये तिची घंटा वर काढली गेली आणि लिव्हरपूलच्या सागरी संग्रहालयाला दिली गेली. मर्सीच्या एका काठावर लिव्हरपूल, समोरच्या काठावर बर्कनहेड.