घाणा फिरत असताना जा

मंडळी, आजचा विषय 'स्पेनच्या ऑलिव्ह मुलखात तीन दिवस' असा जाहीर झाला आहे. त्या तीन दिवसांचा हिशेब मी देणारच आहे. पण आधी तारखेचं बोलू द्या, कारण तारीख चुकली की बाकी सगळं जमूनही सहल वाया जाते.

आपल्याकडची माणसं युरोपला निघतात मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत. अंदालुसियातल्या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत, बहुतेक सगळी 'पिकुआल' जातीची. मे महिन्यात त्या झाडांवर बारीक पांढुरका मोहोर असतो आणि घाणे धुऊनपुसून बंद. मग चकचकीत पोलादी यंत्रांपुढे उभं करून तुम्हाला सांगतात, इथे फळ पडतं, तिथून तेल येतं. गुऱ्हाळ उठून गेल्यावर रिकामी काहील बघून यावं, तसं ते होतं. तोडणी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. माझं सांगणं एकच, नोव्हेंबरचे मधले दोन आठवडे धरा. 1 नोव्हेंबरला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. 6 आणि 8 डिसेंबरलाही असते, तेव्हा माद्रिदची माणसं खेड्यापाड्यांत उतरतात आणि खोल्या मिळत नाहीत.

तिथे घाण्याला 'अल्माथारा' म्हणतात, मूळ अरबी शब्द, 'पिळण्याची जागा'. फळाला 'अथेइतुना'. आपण ज्याला जैतून म्हणतो तोच हा शब्द, एक शाखा पूर्वेला आली, एक पश्चिमेला गेली.

आता घाण्यात काय बघायचं? फळ आलं की पानं उडवतात, फळ धुतात, बियांसकट ठेचतात. पुढे तो लगदा अर्धा-पाऊण तास संथ घुसळतात. तिथे झाकणाला काच असते, त्या काचेपाशी थांबा. सुरुवातीला लगदा निस्तेज, मातकट जांभळा दिसतो. वीसेक मिनिटांनी कडेला हिरवट चमक येते, मग बारीक बारीक डबकी साचतात. तेच तेल. उष्णता 27 अंशांच्या आत ठेवावी लागते. वाढवली तर तेल जास्त सुटतं, पण वास उडून जातो. त्यानंतर जोरात फिरणाऱ्या आडव्या नळकांड्यात तेल आणि ओला चोथा वेगळे होतात. दगडी जातं शोधत बसू नका, ते बहुतेक ठिकाणी आता दारात शोभेला ठेवलेलं असतं.

आणि चव! इथे मला जरा जास्त बोलायचं आहे. आपले लोक बाटली उजेडात धरतात आणि हिरवं दिसलं की खूश होतात. जाणकार चाखतात तो पेला गडद निळा असतो, रंग दिसूच नये म्हणून. पेल्यात चमचाभर तेल घ्या, एका तळव्यावर पेला धरा, दुसऱ्याने झाका, कोमट होऊ द्या. झाकण काढताक्षणी हुंगा. ताज्या पिकुआलला टोमॅटोच्या पानाचा, अंजिराच्या पानाचा वास येतो. मग घोट घेऊन दातांतून हवा आत ओढा. आधी जिभेवर कडवटपणा येतो आणि दोन-चार क्षणांनी घसा चुरचुरतो, ठसका लागतो. तेव्हा 'तेल खराब आहे' म्हणून पेला खाली ठेवू नका! ती चुरचुर 'ओलिओकँथल' नावाच्या द्रव्याची, ताज्या तेलाची खूण. खराब तेलही मुद्दाम मागून हुंगा. फळ पोत्यांत, ढिगात साठवून ठेवलं की आंबतं, तो कुबट वास तेलात उतरतो. जुनं तेल खवट असतं, दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेल्या चकलीसारखं. हे दोन वास एकदा नाकात बसले की दुकानदार तुम्हाला फसवू शकत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. तर भराभर सांगतो.

मुक्काम बाएथा गावी, दोन रात्री. माद्रिदहून मोटारीने साधारण साडेतीन तास. मोटार भाड्याने घ्याच, घाणे गावाबाहेर असतात. पहिल्या संध्याकाळी तटावरच्या रस्त्याने फिरा, खाली ग्वादाल्किविरच्या खोऱ्यात क्षितिजापर्यंत रांगा दिसतात. कवी अंतोनियो माचादो 1912 ते 1919 याच गावात फ्रेंच शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणी बघा. झाडाखाली जाळी पसरतात, यंत्राने खोड हलवतात, राहिलेलं काठ्यांनी झोडपतात. दुपारी पुएंते देल ओबिस्पोजवळचं ऑलिव्ह संग्रहालय, वेळ आधी विचारून, कारण तिथे दुपारची सुट्टी पाळतात. घाणा संध्याकाळी पाचनंतर ठेवा. दिवसभराचं फळ तेव्हा येतं, सकाळी घाण्यात शुकशुकाट असतो. ई-मेल आधीच करा आणि 'त्या आठवड्यात दळण चालू आहे का' असं स्पष्ट विचारा. जमीन निसरडी असते, रबरी तळाचे बूट घाला. पाऊस पडला तर तोडणी थांबते, म्हणून तिसरा दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी उबेदा, नऊ किलोमीटरवर. पाऊस आलाच तर दिवसांची अदलाबदल करा. दोन्ही गावं 2003 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

शाकाहारी मंडळींनी लसूण-पावाच्या वाटणातला हाएनचा पालक मागवावा, मात्र मांस नको हे आधी सांगावं. रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळेल अशी आशा धरू नका.

तेल घ्याल ते पत्र्याच्या डब्यात, अर्ध्या लिटरच्या. काच फुटते आणि उजेडाने तेल बिघडतं. हातातल्या पिशवीत विमानात नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा. डब्यावर तोडणीचा हंगाम छापलेला बघा. ऑक्टोबरच्या हिरव्या फळाचं तेल महाग पडतं, कारण लिटरला आठ-दहा किलो फळ लागतं, पिकल्या फळाचं पाचेक किलोत भागतं. घरी आल्यावर डबा गॅसशेजारी ठेवू नका, आणि फोडलात की दोन महिन्यांत संपवा.