पटवाऱ्याला संघटना कशाला?

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त पटवाऱ्याने केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, मागचे लोक पुढे या, पंखा इकडेच आहे.

आत्ता दाराशी चपला काढत होतो, तर एका काकांनी अडवलं. म्हणाले, "पटवारीसाहेब, ज्याची नोकरी पक्की, ज्याले महिन्याच्या महिन्याले पगार, त्याले अजून संघटना कायले पाह्यजे? संघटना तं आमाले पाह्यजे." मी चार पानं लिहून आणली होती. ती खिशातच राहू द्या. काकांना उत्तर देता आलं तरी आजचं काम झालं.

काकांचा राग मला कळतो. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. तो कोणाकोणाच्या हातात पडला ते विचारत नाही, इथं सगळे ओळखीचे आहेत. आणि आम्हाला सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. उशिरा मिळाला, पण फरकाच्या हप्त्यांसकट मिळाला. शेतकऱ्याला फरक देतो कोण?

कायद्याचं आधी उरकून टाकू. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या कलम 19 ने दिला, तो सरकारी नोकरालाही आहे. पोलिसांचं वेगळं, त्यांच्यासाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. वाद आहे तो संपाचा. 1962 मध्ये बिहारच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, पण संप हा मूलभूत हक्क नाही. 2003 मध्ये तामिळनाडू सरकारनं संपावरच्या सुमारे 1 लाख 70 हजार लोकांना एका फटक्यात घरी बसवलं, तेव्हा कोर्टानं आणखी कडक भाषा वापरली: संपाचा कायदेशीर हक्क नाही आणि नैतिकही नाही. बहुतेकांना पुढे परत घेतलं, पण लेखी माफी लिहून घेऊन. म्हणजे एकत्र बसा, निवेदन द्या, घोषणा द्या, काम बंद करू नका. तरी बंद होतं. आपल्या राज्यात 1977-78 ला 54 दिवस होतं. मी तेव्हा सातवीत. वडील एका दाखल्यासाठी तालुक्याला चकरा मारून थकले होते, त्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या शिव्या मला अजून पाठ आहेत. पुढं मीच कर्मचारी झालो.

आता मार्च 2023. 14 तारखेला जुन्या पेन्शनचा संप सुरू झाला, 20 ला मिटला. मी तोवर निवृत्त झालो होतो, आणि माझी पेन्शन जुनीच, कारण 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलो. नंतर लागलेल्या पोरांचं दुःख खरं होतं, हे मी मान्यच करतो. पण त्याच आठवड्यात अवकाळी आली, गारा पडल्या. माझ्या धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याचा हरभरा सोंगून गंजी लावलेला होता. ताडपत्री अर्धी उडाली. दुसऱ्या दिवशी त्यानं गंजीत हात घातला, तर आतून वाफ आली. दाणे फुगलेले, वास कुबट. तो मला म्हणाला, "भाऊ, पटवारी येईलोक असंच ठेवू का वाळू घालू? हालवलं तं म्हणतीन नुकसान झालंच नाही." मी तीस वर्षं पंचनामे केले, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता माझी सही चालत नव्हती. त्यानं मोबाईलवर फोटो काढून ठेवले आणि गंजी पसरली. त्याच्या जागी मीही संघटनेच्या नावानं बोटं मोडली असती.

तरीही मी म्हणतो, संघटना पाहिजेच. का, ते सांगतो.

माझ्या नोकरीतलं एक साल. नाव-गाव सांगत नाही. पैसेवारीचं, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं ते ठरवायचं, काम चालू होतं. वावरात दोरीनं चौकोन आखायचा, तेवढं पीक कापायचं, झोडायचं, तोलायचं. माझ्या गावाचा हिशेब 46 पैशांवर आला. पैसेवारी 50 च्या आत म्हणजे काय, ते तुम्हाला शिकवायला नको. दुष्काळाच्या सवलती तेव्हा त्या आकड्यावर चालायच्या: शेतसारा, पंपाचं बिल, पोरांची परीक्षा फी. संध्याकाळी वरून निरोप आला, आकडा 50 च्या वर पाहिजे. तोंडी. असले निरोप नेहमी तोंडीच असतात. मी एकटा होतो, बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं, बदलीची भीती. खोटं कशाला बोलू, मी 52 लिहायला बसलो होतो. तेवढ्यात आमच्या पटवारी संघाचा तालुका सचिव सायकलवर आला. त्याला बाकी गावांतूनही हेच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बाराजण कचेरीत गेलो. ना घोषणा, ना काळ्या फिती. सचिव फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, लेखी द्या, लगेच बदलून देतो." लेखी आलं नाही. 46 चे 46 राहिले.

काका, त्या दिवशी आम्ही पगारवाढ मागायला गेलो नव्हतो.

नोकराला एकटं ठेवलं, तर तो तुमचा राहत नाही. ज्याचा फोन येईल त्याचा होतो. माझी तक्रार आमच्याच लोकांवर आहे, की असल्या कामासाठी संघ नंतर फारसा उठला नाही. भत्ता, बदली, बढती, पेन्शन, यासाठी मात्र उठला.

आणि खरी अडचण ज्यांची आहे, त्या तर हिशेबातच नाहीत. समोर अंगणवाडीच्या ताई बसल्या आहेत. यांना पगार नाही, मानधन. सरकारी कर्मचारी म्हणायचं नाही. पण 2018 मध्ये याच ताईंना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी करणारा कायदा, लावला होता, ओरड झाली तेव्हा त्याला स्थगिती दिली. म्हणजे पैसे देताना सेविका, धाक दाखवताना अत्यावश्यक! 4 डिसेंबर 2023 पासून यांनी 52 दिवस संप केला. आमच्यापैकी किती पटवारी त्यांच्या मंडपात जाऊन बसले? मी गेलो होतो, दोनदा. दोन्ही वेळा चहा पिऊन आलो, भाषण केलं नाही.

2023 च्या संपानंतर मी संघाच्या बैठकीत एक ठराव मांडला. साधा होता: संप करा, पण पंचनामा संपातून वगळा, गारा पडल्या त्या गावी पटवारी जाईल. अध्यक्ष म्हणाले, ऐनवेळच्या विषयात घेऊ. ऐनवेळी चहा आला, आणि लोक बसच्या वेळेला उठले.

पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. काका, तुम्ही या. सभासद नाही म्हणून आत बसू देणार नाहीत, पण बाहेर ओटा आहे, आणि खिडक्या उघड्या असतात.