ग्लासगोचे बोळ

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला मी एका बोळात घेऊन जाणार आहे. बोळ स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा, हाय स्ट्रीटवरचा, नंबर 118. साल 1868. दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती, मधून चिंचोळी वाट. तिकडे अशा बोळाला 'क्लोज' म्हणतात. थॉमस ॲनन या छायाचित्रकारानं त्याचा फोटो काढला.

हे काम त्याला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दिलं होतं. जुनी दाटीवाटीची वस्ती विकत घेऊन पाडायचा अधिकार ट्रस्टला 1866 च्या कायद्यानं मिळाला होता. पाडण्याआधी तिची आठवण राहावी, म्हणून हे फोटो. ज्यांनी पाडलं त्यांनीच जपलं, आणि त्यासाठी मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

तेव्हा काचेवर ओला लेप द्यायचा, तो सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे अंधारात धुवायचा. बोळात ऊन जेमतेम, त्यामुळे भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागे. जो हलला, तो पुसला गेला. म्हणून या फोटोंत भिंतीचा दगड अन् दगड मोजून घ्यावा इतका स्पष्ट, काठीवर वाळत घातलेले कपडे धूसर, आणि चुळबुळ करणाऱ्या पोराच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

हे फोटो ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत आहेत. शहराचा दप्तरखानाही तिथेच. त्यात गरिबांनी मदतीसाठी केलेल्या अर्जांची बाडं आहेत. नाव, वय, जन्मगाव, पत्ता, मुलंबाळं, दुखणं, सगळं कारकुनाच्या अक्षरात. त्या काळी लहान घरांच्या दारावर पत्र्याची पाटी ठोकलेली असे. 1862 च्या कायद्यानं मोठ्या माणसामागे 300 घनफूट जागा ठरलेली, त्या हिशेबानं आत किती माणसांनी राहायचं ते पाटीवर. रात्री अधिकारी येऊन दार वाजवत आणि झोपलेली माणसं मोजत.

एका कपाटात चेहरे आहेत, त्यांना नावं नाहीत. दुसऱ्यात नावं आहेत, त्यांना चेहरे नाहीत. यांतली कितीतरी माणसं एकच असणार, या विचारानं मला चैन पडत नाही.

मुंबईकरांना 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' हे नाव ओळखीचं वाटलं असेल. 1896 मध्ये प्लेग आला, 1898 मध्ये मुंबईत असाच ट्रस्ट निघाला, आणि तेव्हा ग्लासगोचा नमुना डोळ्यांपुढे होता. आपल्या बीआयटी चाळी त्याच ट्रस्टच्या. त्या चाळींच्या गॅलरीत काढलेला एखादा फोटो तुमच्या घरी असेल, तर आज तो बाहेर काढा. आजीला शेजारी बसवा, आणि ती सांगेल ती नावं फोटोच्या मागे लिहा. चाळीचा, खोलीचा नंबरही लिहा. पेन्सिलीनं लिहा हं, शाई पुढच्या बाजूला उमटते.