पत्र्याच्या पोटात : एका व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पची तपासणी

[दृश्य : पुणे, बुधवार पेठ. तपकीर गल्लीतली दुकानं, भिजलेल्या छत्र्या. मग कामाचं टेबल.]

जुलैचा पाऊस लागून राहिलाय. टेबलावर, लाकडी खोक्यातून बाहेर काढून उलटी ठेवलेली चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा. गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आहे, म्हणजे आवाज वाढवायला ट्रान्झिस्टरऐवजी काचेचे व्हॉल्व्ह, आणि सगळी वायरिंग हाताने केलेली. बाजारात याला ‘बुटीक’ म्हणतात आणि त्या शब्दाचे पैसे वेगळे लागतात.

आत डोकावलं तर सर्किट जुनंच आहे. फेंडरच्या डिलक्स अ‍ॅम्पचं, १९५५ ते १९६० मधलं, ५ई३ नावाचं. व्हॉल्व्ह असे : सिग्नल वाढवायला एक १२एवाय७ आणि एक १२एएक्स७, आउटपुटला दोन ६व्ही६ आणि एसीची डीसी करणारा ५वाय३. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा मागचा पुठ्ठा ज्यांनी कधी उघडलाय, त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. सर्किटचा नकाशा सगळ्यांकडे एकच असतो. तरी एक अ‍ॅम्प शांत असतो आणि दुसरा घुमतो. फरक पडतो तो कोणती वायर कुठून नेली आणि ग्राउंड कुठे टेकवलं यात.

आधी हात वाचवायचे. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सर, म्हणजे डीसी गुळगुळीत करणारे, भरलेले असू शकतात. इथे १६ मायक्रोफॅरडचे तीन आहेत, चालू असताना साडेतीनशे व्होल्टवर. १०० के (किलो-ओहम), २ वॅटचा रेझिस्टन्स घ्यायचा, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप. एक क्लिप आधी चासीला, दुसरी पहिल्या कंडेन्सरच्या प्लसला. मिनिटभर थांबायचं आणि तिन्ही कंडेन्सर मीटरने तपासायचे. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे बहाद्दर आहेत. त्यात कंडेन्सरही दुखावतो आणि स्क्रू-ड्रायव्हरही.

[दृश्य : इनपुट जॅक ते पहिला व्हॉल्व्ह, अगदी जवळून.]

हा ६८ के चा रेझिस्टन्स बघा. मूळ रचनेत तो जॅकवर असतो. इथे कारागिराने तो उचलून सॉकेटच्या दोन नंबरच्या पिनेवरच बसवलाय, पाय जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. ही पिन म्हणजे ग्रिड, सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो ती जागा. ग्रिडपाशी उघडी वायर जितकी लांब, तितकी ती एरियलसारखी वागते. किमतीत शून्य फरक, पण रेडिओ स्टेशन ऐकू येणं बंद.

त्याच्याच शेजारून हीटरची, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारांची, जोडी जाते. ६.३ व्होल्ट एसी, घट्ट पिळलेली, कोपऱ्यातून पत्र्याला चिकटून. सिग्नलची वायर तिला ओलांडते तिथे काटकोनात ओलांडते, समांतर कुठेच जात नाही. ट्रान्सफॉर्मरला हीटरचा मधला टॅप नाही, म्हणून दोन्ही तारांवरून १००-१०० ओहमचे रेझिस्टन्स ग्राउंडला दिलेत. यातला एक जरी आतून तुटला, तरी घुमणं सुरू.

घुमण्याचेही दोन प्रकार, आणि ते कानाने वेगळे करता येतात. हीटर किंवा ग्राउंडचा दोष ५० हर्ट्झवर बोलतो, फिल्टर कंडेन्सरचा १०० वर. म्हणजे बरोबर एका सप्तकाचं अंतर. तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला मीटरची गरज नाही. खालचा सा असेल तर वायरिंग बघा, वरचा असेल तर कंडेन्सर.

आता पावसाचा मुद्दा. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये भाग ज्यावर बसवतात तो काळा फायबरचा बोर्ड ओल धरतो. ओल धरली की बोर्डच थोडा थोडा वीज वाहून नेतो, आणि कारण नसताना खरखर येते. तपासणी सोपी : अ‍ॅम्प चालू, मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन चासीला, लाल पिन सोल्डरच्या दोन डागांच्या मधल्या कोऱ्या बोर्डावर. शून्याच्या आसपास दिसायला हवं. काही व्होल्ट दिसले, तर नवे महागडे कंडेन्सर लावून उपयोग नाही. बोर्ड कोमट हवेने वाळवा, नाहीतर बदला. समोरचा बोर्ड ग्लास इपॉक्सीचा आहे, तो प्रश्न इथे नाही.

[दृश्य : सिरीज बोर्ड, १०० वॅटचा बल्ब.]

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन्सच्या वाटेत मध्ये जोडलेल्या बल्बमधून. बल्ब तारेचाच हवा, एलईडी इथे चालत नाही. सगळे व्हॉल्व्ह काढलेले. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, पुढे जायचं नाही. मग स्पीकर जोडायचा आणि नंतरच व्हॉल्व्ह. स्पीकर नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि या खोक्यात भरायला सर्वांत महाग पडणाऱ्या वस्तूंपैकी तो एक.

बल्ब काढून थेट मेन्सवर आता मापं. एक हात खिशात. ६व्ही६ च्या प्लेटवर, म्हणजे तीन नंबरच्या पिनेवर, ३५० व्होल्ट. आठ नंबरच्या कॅथोडवर १९. दोन्ही व्हॉल्व्हमध्ये मिळून एकच २५० ओहमचा रेझिस्टन्स आहे, म्हणजे १९ भागिले २५०, ७६ मिलिअँपिअर. प्रत्येकी ३८. त्यातले दोनेक स्क्रीन ग्रिडचे, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे, वजा करा. प्लेट ते कॅथोड ३५० वजा १९, म्हणजे ३३१ व्होल्ट, गुणिले ३६ मिलिअँपिअर : प्लेटवर जवळपास १२ वॅट. ६व्ही६ ची जुनी मर्यादा १२ च आहे.

हे झालं २३० व्होल्टवर. वस्तीतला विजेचा लोड उतरला की लाइन २४५ ला चढते, मग हाच व्हॉल्व्ह १३ वॅटच्या पुढे जातो. हीटर ६.३ चा ६.७ होतो, तेवढं तो सोसतो. पण ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेन्सकडचं वेटोळं, २२० ची असेल तर ७ होतात, आणि हीटरला चालणारी दहा टक्क्यांची सवलत संपते. ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप असेल तर वायर तिथे हलवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि व्हॉल्व्हचं आयुष्य त्यावर आहे.

६व्ही६ ची पाच नंबरची पिन, म्हणजे ग्रिड, शून्य दाखवते, ठीक. तिथे एक-दोन व्होल्ट प्लस दिसले असते तर व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजायचं. तरीही व्होल्ट राहिले तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हकडून सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा, गळतोय, गेले तर दोष व्हॉल्व्हचा.

कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टन्सबद्दल बरंच गूढ बोललं जातं. ते जास्त सळसळतात आणि वयाबरोबर त्यांचे ओहम वाढतात, एवढं मीटर सांगतो. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर मेटल फिल्मचा रेझिस्टन्स लावा, खुशाल.

शेवटी कोरडी बांबूची काडी. चायनीजच्या गाडीवरची चॉपस्टिक चालते, फक्त पावसाळ्यात आधी तव्यावर शेकून घ्या. आवाज वाढवून एकेक डाग टोचत जायचं. सगळं शांत. व्हॉल्यूम पॉटमागच्या पितळी पट्टीवर मात्र कड्कन आवाज. ग्राउंडचा डाग वरून चकचकीत, पण कडेला गोळ्यासारखा उठलेला. पट्टी उष्णता ओढून घेते, डाग द्यायच्या २५ वॅटच्या इस्त्रीला (सोल्डरिंग आयर्नला) ती तापवता येत नाही, आणि शिसं नुसतं वर बसतं. अ‍ॅम्प बंद, कंडेन्सर पुन्हा रिकामे. ८० वॅटची इस्त्री, रुंद टोक, जुनं शिसं ओढून पट्टी घासून नवीन डाग, थंड होईपर्यंत वायर हलवायची नाही.

पुन्हा चालू. पुन्हा काडी. गप्प.