‘काही नाही, राहू दे’

नमस्कार, श्रोतेहो.

इथे माईकसमोर बसून बोलताना मला तुमचा चेहरा दिसत नाही. माझं म्हणणं पटतंय की नाही, कंटाळा आलाय का, मध्येच काही विचारावंसं वाटतंय का, कळायला मार्ग नाही. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर आपण किती विसंबून असतो, ते मला या खोलीत फार जाणवतं. म्हणून आज समोरासमोरच्या बोलण्याविषयी, आणि त्या बोलण्यात येऊन बसलेल्या स्मार्टफोनविषयी.

मागे एकदा एक जुना मित्र भेटायला आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, “अरे, एक सांगायचं होतं...” तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन उजळला. मी उचललाही नाही, फक्त पाहिलं. नजर वर केली तेव्हा तो म्हणाला, “काही नाही, राहू दे. सहज.” आणि विषय बदलला.

त्या एका नजरेत असं काय मोडलं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

संशोधकांनी जगातल्या 10 भाषांमधल्या गप्पा तपासल्या होत्या. तो अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसं सरासरी किती थांबतात? सेकंदाचा साधारण पाचवा भाग. भाषा कुठलीही असो, फरक थोडाच. म्हणजे पापणी लवायला लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ. आता विचार करा, फोनकडे नजर टाकून परत यायला दोन सेकंद तरी जातात. बोलण्याच्या मापाने ते दहापट झाले. आणि बोलताना कोणी एवढा वेळ गप्प राहिलं, की आपण त्याचा अर्थ लावतोच. याला पटलेलं नाही, याला ऐकायचं नाही. माझ्या मित्रानेही तोच अर्थ लावला असणार.

कोणी म्हणेल, वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसणारी माणसं पूर्वीही होतीच की. होती. पण वर्तमानपत्र वाचणारा काय करतोय ते समोरच्याला दिसायचं. फोनमध्ये बघणारा माणूस मध्येच हसतो, कपाळाला आठ्या घालतो, आणि ते हसू आपल्यासाठी नसतं, आठ्याही आपल्यासाठी नसतात. समोर बसून तो भलत्याच कुणाशी तरी असतो. मला वाटतं, खुपतं ते हे.

याचे प्रयोगही झाले आहेत. एका प्रयोगात तीनशेहून अधिक लोकांना मित्रमंडळींबरोबर किंवा घरच्यांबरोबर जेवायला बसवलं. काही गटांचे फोन टेबलावर, काहींचे बाजूला ठेवलेले. फोन जवळ असलेल्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि जेवणातली मजा थोडी कमी झाली. थोडीच, हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयावर फार भडक बोललं जातं. हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी आणखी एक आला. दोन अनोळखी माणसांना दहा मिनिटं एका खोलीत नुसतं बसवून ठेवलं. ज्यांच्याकडे फोन होते ती माणसं एकमेकांकडे पाहून कमी हसली. फोन नुसता नजरेसमोर असला तरी बोलणं उथळ होतं, असंही एका प्रयोगात दिसलं होतं. पण तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसं आढळलं नाही. त्यामुळे त्यावर मी भर देणार नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती तान्ह्या मुलांची. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी खेळते, बोलते, आणि मग काही क्षण चेहरा निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. बाळ काय करतं? आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं, आईला परत बोलावण्यासाठी येतं ते सगळं करून पाहतं. आणि शेवटी तोंड फिरवतं, रडू लागतं. फोन वाचणाऱ्या आईचा किंवा बापाचा चेहरा जरा आठवून पाहा. तो असाच निर्विकार असतो. बाळाला त्या पडद्यावर काय आहे ते माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं, की आपल्याला उत्तर मिळत नाही.

फोनवर राग धरण्यात अर्थ नाही. बहिऱ्या माणसाला दूरच्या मित्राशी व्हिडिओवर हातांच्या खुणांनी बोलता येतं, परमुलखात भाषेचं भाषांतर हातात मिळतं. या मोठ्या गोष्टी आहेत. अडचण येते ती दोन माणसं समोरासमोर बसलेली असताना, आणि त्यातही ती गप्प असताना. कारण मनातलं अवघड असं काही माणूस लगेच बोलत नाही. आधी थोडी शांतता जावी लागते. तीच शांतता आपल्याला हल्ली रिकामी वाटते आणि हात आपोआप खिशाकडे जातो.

त्या मित्राला मी पुन्हा भेटलो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि सरळ विचारलं, “त्या दिवशी काय सांगणार होतास?” त्याने जे सांगितलं ते त्याचं आहे, इथे सांगणार नाही. पण सांगायला त्याला पाऊण तास लागला, आणि त्यातला बराचसा वेळ आम्ही दोघंही गप्प होतो.

नमस्कार.